पडकं घर दाखवायची हौस

ऐकायचंच आहे न? मंग चहा आधी संपवा. मागच्या खेपेले हा किस्सा ऐकताना आमच्या साळ्याच्या नाकातून चहा आला होता. माझी काही जबाबदारी नाही.

माणसं घराचे ऐब लपवतात. भिंतीचे पोपडे निघाले तर त्यावर क्यालेंडर टांगतात, भेग पडली तर समोर कपाट सरकवतात. अख्ख्या पांढुर्ण्यात मीच एकटा असा शहाणा निघालो, ज्यानं आपल्या घराचा एकेक ऐब हात धरून दाखवला. अन् दाखवला तोही कोणाले? थांबा, थांबा. शेंडीकडून नाही सांगत, बुडापासून सांगतो.

बजारात माझं भांड्याचं दुकान आहे, ते तुम्हाले माहीत आहे. घर तिकडं, जाम नदीकडच्या उतारावरच्या गल्लीत. वडिलांनी बांधलेलं. मातीच्या भिंती, लाकडी माडी, वर कवेलूचं छप्पर. खाली समोरच्या खोलीत मंदाबाईचं आलूबोंड्याचं हॉटेल. हॉटेल म्हणजे काय बाप्पा, एक भट्टी, दोन बाकडे अन् मंदाबाईचं तोंड! भाडेकरू माझ्या वडिलांच्या काळापासूनची. भाडंही त्याच काळातलं.

मले ते घर पाडून पक्कं बांधायचं होतं. पण मंदाबाई हालन तेव्हा न!

"वसंतभाऊ, मी हालली तर भट्टी हालन. भट्टी हालली तर गिऱ्हाईक हालन. त्यापेक्षा तुम्हीच दुसरीकडं बांधा न घर. तुम्हाले कोण अडवून राहिलं?"

पाहा आता! माझ्याच घरातून मलेच काढून राहिली होती.

अशातच एक दिवस गल्लीत कचऱ्याची गाडी आली. पावसाळा तोंडावर आला की तिच्या भोंग्यावर सूचना वाजते. "जिनके मकान जर्जर अवस्था में हैं, वे तुरंत सूचना दें. निरीक्षण करके मकान खाली करवाया जाएगा."

खाली करवाया जाएगा! मी दात घासून राहिलो होतो, ब्रश तसाच तोंडात राहिला. अरे, मी एवढे वर्षं या बाईशी भांडून राहिलो, अन् रस्ता तर सरकारनंच करून ठेवला आहे! घर जर्जर ठरलं की मंदाबाई बाहेर. तिच्याशी एक शब्द बोलायची गरज नाही.

त्याच दिवशी अर्ज लिहिला. हिंदीत, आपलं पांढुर्णा मध्यप्रदेशात न, अन् चांगला जीव ओतून. "महोदय, मकान इतना जर्जर है कि यह आवेदन लिखते समय भी थोड़ा-थोड़ा गिर रहा है." हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतका खूश झालो की दोनदा मोठ्यानं वाचलं.

पण मले अर्ज न्यायले उशीर झाला, तोवर पाऊस लागून गेला होता. पालिकेतला माणूस म्हणे, पाहणीले येऊ. कधी, ते काही बोलला नाही. मी आपला अर्थ लावला, म्हणजे कधीही येईन, न सांगता येईन! तर मंग घर कसं पाहिजे? सदा तयार पाहिजे!

झालं. मी दुरुस्ती बंद केली. कवेलू फुटलं? राहू दे. माडीवर पाणी गळून राहिलं? गळू दे, ओल छान दिसते. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदानं, एकदा स्वयंपाकघरातल्या भिंतीचं भोक मातीनं बुजवलं. ती अंघोळीले गेली तशी मी बोट घालून ते परत मोकळं केलं.

एक सांगू? कायदा काही वाईट नाही. पडकं घर कोणाच्या टाळक्यावर पडू नये, एवढंच तो म्हणते. वाईट आपण. आमच्याच गल्लीत पाहा न. एकाच्या भिंतीवर नोटीस चिकटवली, तर त्यानं भिंत नाही सुधरवली, नोटिशीसकट चुना मारून मोकळा झाला. दुसऱ्याचं घर भावाभावांच्या भांडणात उभ्या-उभ्या सडून राहिलं. अन् तिसरा मी! कायदा म्हणे घर सांभाळा, अन् मी त्याच कायद्याच्या भरवशावर आपलं घर खड्ड्यात घालून राहिलो होतो.

दिवाळी झाली अन् प्राचीले स्थळ आलं.

प्राची आमची एकुलती एक. इथंच शाळेत शिकवते. पोरगा सौसरचा, निखिल नावाचा, तोही मास्तर. घरी संत्र्याचा बगीचा. स्थळ माझ्या साळ्यानं आणलेलं. फोनवर बोलणं झालं, पोरापोरीचंही एकमेकांशी बोलणं झालं. रविवारी सौसरची मंडळी पोरगी पाहायले येणार असं ठरलं. अन् आमची प्राची, जी कोणत्याही स्थळाचं नाव काढलं की नाक मुरडायची, ती आपली खाली मान घालून हसून राहिली. बापाले आणखीन काय पाहिजे हो?

सुनंदा मात्र माझ्या मागं लागली. "रविवारच्या आधी घराले रंग मारा. गळकी जागा बुजवा. पाहुणे काय म्हणतील?"

"मारतो."

"कधी?"

"शनिवारी."

"शनिवारी काहून? आज काय तुमच्या हाताले मेंदी लागली?"

आता तिले काय सांगू? रंग मारला अन् शुक्रवारी पालिकेचा साहेब टपकला तर? इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर पाणी! मी आपला हिशोब मांडला. शनिवारपर्यंत घर जर्जर, रविवारी घर नवरीसारखं. हुशार माणूस आहे न मी.

गुरुवारी दुपारी सुनंदा तिगावले बहिणीकडं गेलेली, प्राची शाळेत. मी जेवून घरीच आडवा झालेलो. दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. एक उंच, वयस्कर, पांढरी टोपी. दुसरा बुटका, खिशाले पेन, बगलेत काळी बॅग. अन् बॅगवाला काय करून राहिला होता माहीत आहे? आमची भिंत बोटांनी ठोकून पाहून राहिला होता!

माझी तर झोपच उडाली. आले! साहेब आले!

"नमस्कार," टोपीवाले म्हणाले. "इकडून जात होतो. म्हटलं, जरा घर पाहून घ्यावं."

"या न साहेब, या! मी तर कधीचा वाट पाहून राहिलो."

दोघं एकमेकांच्या तोंडाकडं पाहायले लागले. तुम्ही ओळखलं न, कोण ते? तुम्ही ओळखाल हो. तुम्ही चहा पीत बसले आहा. मी तेव्हा स्वप्नात पक्कं घर बांधून राहिलो होतो.

"घर जुनं दिसते," टोपीवाले म्हणाले.

"जुनं? साहेब, जुनं असतं तर देवाले नारळ फोडला असता. हे गेलेलं आहे. फक्त तिरडी बांधायची बाकी आहे."

मी त्यांले जिन्याकडं नेलं. "एकेक करून या. तिघं संगं चढलो तर तिघं संगंच खाली येऊ."

माडीवर नेऊन ओल दाखवली. गळकी जागा दाखवली. फुटलेल्या कवेलूतून आभाळ दाखवलं. म्हटलं, "पावसाळ्यात आम्ही घरात छत्री घेऊन जेवतो." साफ खोटं! पण एकदा तोंड सुटलं की मले आवरत नाही. मंग मी भिंतीवर एक थाप मारली. नुसती दाखवायले मारली होती हो, पण पोपड्याचा हा एवढा तुकडा निघाला अन् सरळ टोपीवाल्यांच्या टोपीवर!

"पाह्यलं? पाह्यलं साहेब?" मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो.

त्यांनी टोपी झटकली. बॅगवाल्यानं विचारलं, "दुरुस्ती काहून नाही केली?"

"करायचीच नाही! एक खिळा ठोकला नाही अन् ठोकणारही नाही. पडू द्या म्हटलं."

"घरात कोण कोण राहते?"

"मी, बायको अन् पोरगी. पोरगी शाळेत शिकवते, दिवसभर बाहेर असते, म्हणून वाचून आहे."

"अन् पाहुणे आले तर?"

"येऊच देत नाही साहेब! जिवंत परत जातील याची ग्यारंटी कोण घेईन?"

टोपीवाले खाकरले. "उद्या घरात लग्नकार्य निघालं तर मांडव कुठं घालणार?"

मले वाटलं, काय बारीक तपासणी आहे! म्हटलं, "मांडवाचं नाव काढू नका. मांडवाचा खांब रोवायले खड्डा केला, तर घरच त्या खड्ड्यात जाईन."

आता एवढ्यावर थांबावं न माणसानं? नाही. मले शेवटचा घाव घालायचा होता. आमच्या माडीची मुख्य तुळई, जिच्यावर अख्खं छप्पर तोललेलं आहे, तिले मी बोट लावलं. "अन् हे पाहा, याले उधई..."

बोट आत गेलं. पुरं! अर्ध्या पेरापर्यंत नाही, पुरं बोट. आतून भुसा भुरभुर खाली पडला.

मी नाटक करून राहिलो होतो हो. त्या तुळईले खरंच उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे हे मलेही माहीत नव्हतं. बॅगवाले पुढं आले, त्यांनी पेन घालून पाह्यलं. पेनही आत गेलं. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"भाऊ, हे खरंच गेलेलं आहे. याच्या खाली कोणाले झोपू देऊ नका."

"तेच तर मी केव्हाचा सांगून राहिलो!" मले काय आनंद झाला म्हणता! डोक्यावर छप्पर पडायले आलेलं, अन् मी तिथं मिश्किल हसून राहिलो होतो.

खाली आलो. साहेबांले रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? घरात संत्र्याची थैली होती, ती पुढं केली. टोपीवाल्यांनी एक संत्रं हातात घेतलं, फिरवून पाह्यलं, नाकाले लावलं.

"कुठचं आहे?"

"सौसरकडचं असन साहेब. गोड निघन याचा भरवसा नाही. सौसरवाल्यांचं असंच असते, वरून चमकते, आतून पोचट."

बॅगवाल्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हालून राहिले होते. मले वाटलं, खोकला आला.

मंग मी जरा जवळ सरकलो, आवाज खाली केला. "साहेब, तुमचं काय द्यायचं-घ्यायचं असन ते मोकळेपणानं सांगा. लाजू नका."

टोपीवाल्यांचा आवाज कडक झाला. "आम्ही काही घेत नाही."

"असं कसं? काही तरी तर घ्याच लागन!"

"एक पैसाही नाही. पहिल्या दिवशीच सांगून ठेवतो."

मी मनात म्हटलं, बाप्पा, असा देवमाणूस अजून नोकरीत टिकला कसा!

ते गेले. मी माडीवर जाऊन खिडकीतून पाह्यलं तर काय? दोघं खाली मंदाबाईच्या बाकड्यावर बसलेले! समोर आलूबोंडे, चहा. मंदाबाई हात हालवून-हालवून काही सांगून राहिली, अन् ते दोघं पोट धरून हसून राहिले. माझं डोकंच फिरलं. बाईनं साहेबांले फोडलं की काय! मी वरून ओरडलो, "साहेब, तिचं काही ऐकू नका! ती आपल्या मतलबाचं बोलते!"

मंदाबाईनं वर पाह्यलं. "खिडकी सांभाळा वसंतभाऊ, पडन अंगावर!"

अन् ते दोघं आणखीनच हसले.

संध्याकाळी सुनंदा अन् प्राची घरी आल्या. मी खुशीत होतो, स्वतःच्या हातानं चहा मांडला होता. तेवढ्यात साळ्याचा फोन आला.

"भाऊजी, सौसरचे पाहुणे येऊन गेले म्हणे तुमच्याकडं?"

"नाही बा. रविवारी येणार आहेत न."

"अहो, पोराचे वडील देवरावजी अन् त्याचा रामाकोन्याचा मामा. दुपारी घर पाहून गेले. उंच आहेत, टोपी घालतात..."

पुढचं मले ऐकूच आलं नाही. चहा उतू गेला. सुनंदानं फोन माझ्या हातातून घेतला, ऐकला, ठेवला, अन् मटकन खाली बसली.

आपल्याकडचा रिवाज तुम्हाले माहीत आहे न? मोठी माणसं आधी एकदा न सांगता येऊन घर पाहून जातात. ठरलेल्या दिवशी तर काय, सगळेच पोहे करतात, सगळ्यांच्याच पलंगावर नवी चादर असते. आडदिवशी घर कसं आहे, घरातली माणसं कशी बोलतात, ते पाहायचं. मले हे माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः माझ्या पुतणीच्या वेळेस असाच न सांगता गेलो होतो! पण डोक्यात भाडेकरू घुसला की दुसरं काही शिरत नाही.

"तुम्ही त्यांले काय दाखवलं?" सुनंदानं विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

मी सांगत गेलो. तिरडी सांगितली. मांडवाचा खड्डा सांगितला. सौसरची संत्री सांगितली तेव्हा तिनं कपाळाले हात लावला. देण्याघेण्याचं सांगितलं तेव्हा ती उठून देवाजवळच जाऊन बसली.

अन् प्राची? ओरडली असती, रडली असती तर परवडलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, मले तो आवडला होता." अन् आत निघून गेली. खरं सांगतो, त्या रात्री मले असं वाटलं की ती तुळई माझ्यावरच पडली असती तर बरं झालं असतं. पोरीचं बिछानं तेवढं मी त्या तुळईखालून काढून खाली आणलं. त्या बॅगवाल्या मामाजींचे शब्द डोक्यात घुमून राहिले होते.

शुक्रवारी नकाराचा फोन आला नाही. शनिवारीही नाही. मले रंग मारायचीही हिंमत झाली नाही, आता कोणाले फसवायचं? अन् रविवारी सकाळी दारात गाडी थांबली. देवरावजी, त्यांची मंडळी, मामाजी, पोरगा, सगळे! देवरावजींच्या हातात संत्र्याची पेटी.

"घ्या वसंतराव. सौसरची आहे. आतून पाहून घ्या."

मले जमीन दुभंगून आत घेईन तर बरं, असं झालं. पोहे झाले, पोरगी पाहणं झालं. पोरगा-पोरगी तर एकमेकांकडं पाहून नुसते हसूनच राहिले होते. मी कोपऱ्यात बसून घाम पुसून राहिलो होतो. मंग देवरावजी बोलायले लागले.

"पोरगी आम्हाले पसंत आहे. अन् पोरीपेक्षा तिचा बाप जास्त पसंत आहे."

मी म्हटलं, झालं, आता जोडे काढतात.

"आम्ही लय घरं पाह्यली. सगळ्यांनी घराचं चांगलं तेवढं दाखवलं. तुम्ही एकटे असे भेटले, ज्यांनी भेग न् भेग दाखवली, काही झाकलं नाही. असा सतवादी माणूस आजच्या जमान्यात मिळत नाही."

मामाजी म्हणाले, "अर्ध्या पेराचंही खोटं नाही बोलले."

सुनंदा माझ्याकडं पाहून राहिली, मी छताकडं.

"फक्त एक अट आहे," देवरावजी म्हणाले. "लग्नाच्या आधी ती तुळई बदलायची अन् घर नीट करायचं. माझ्या सुनेले माहेरी यायचं असलं तर माहेर उभं तर पाहिजे न!"

काय बोलला तो माणूस! हुंडा नाही, मान नाही, पान नाही. सुनेचं माहेर उभं पाहिजे म्हणे. मी नुसते हात जोडले. 

मंग काय, घर उघडलं. मामाजींनी रामाकोन्याहून सुतार पाठवला. जुनी तुळई खाली उतरवली तेव्हा ती जमिनीवर टेकताच बिस्किटासारखी तुटली. सुतार म्हणे, येता पाऊस नसता काढला हिनं. अन् बरोबर तिच्याच खाली इतके वर्षं माझ्या पोरीचं बिछानं होतं! मी तिथंच बसून गेलो. 

काम चालू होतं तोवर मंदाबाईची भट्टी बाहेर ओट्यावर. तिनं एका शब्दानं कुरकुर नाही केली, उलट सुताराले दोन टाइम चहा फुकट. मले मात्र जाता-येता ऐकवायची, "काय सतवादी भाऊ, आज काय खरं बोलले?"

कारण ते नाव सौसरभर झालं होतं न! देवरावजी ज्याले-त्याले सांगत सुटले. आता त्यांच्याकडचे पाहुणे मुद्दाम माझ्या दुकानात यायले लागले. "तुम्हीच सांगा भाऊ, हा भाताचा गंज घेऊ का?" अन् मी, दुकानदार माणूस, छातीवर दगड ठेवून सांगू लागलो, "याचं बूड पातळ आहे, नका घेऊ." धंदा बसायची वेळ आली! पण करता काय? व्याह्यांसमोर खोटा पडलो तर पोरीच्या संसाराचं काय? अर्जाची गोष्ट तर मी पोटात अशी दाबून ठेवली होती की रात्री त्याचीच उचकी लागायची.

उन्हाळ्यात लग्न ठरलं. घर असं झालं होतं की गल्लीतले लोक थांबून पाहायचे. नवी तुळई, नवे कवेलू, भिंतीवर गणपती अन् शुभविवाह लिहिलेलं. लग्नाच्या दोन दिवस आधी दारात मांडव उभा राहिला. देवरावजी अन् मामाजी व्यवस्था पाहायले आलेले. मी त्यांले मंदाबाईच्या बाकड्यावर बसवून आलूबोंडे मागवले.

अन् गल्लीत एक गाडी आली. त्यातून एक तरुण साहेब उतरला. मागं एक माणूस, त्याच्या हातात लाल रंगाचा डबा.

"वसंतराव का मकान यही है? आपका आवेदन था. जर्जर मकान का निरीक्षण करना है."

 मागच्या वर्षीचा अर्ज! पावसाळ्याआधीची पाहणी सुरू झाली, अन् माझा नंबर लागला तो आज!

"साहब, वो... वो गलती से..."

"गलती से?" त्यानं कागद काढला अन् सगळ्यांसमोर वाचला. "मकान इतना जर्जर है कि यह आवेदन लिखते समय भी थोड़ा-थोड़ा गिर रहा है." मंग त्यानं मांडवाकडं पाह्यलं, भिंतीकडं पाह्यलं. "मकान तो ठीक दिख रहा है. तो क्या आपने झूठ लिखा था?"

मी देवरावजींकडं पाह्यलं. ते शांतपणे आलूबोंडा संपवून उठले, हात पुसले, अन् साहेबांजवळ आले.

"साहब, ये हमारे समधी हैं. ये जिंदगी में कभी झूठ नहीं बोले. इन्होंने लिखा है कि मकान गिर रहा है, तो गिर ही रहा होगा."

"देवरावजी!" मी किंचाळलो.

"काहून? तुम्ही खोटं लिहाल काय? शक्यच नाही! लगाइए साहब, लाल निशान लगाइए."

डबेवाल्यानं झाकण उघडलं. ब्रश बुडवला. अन् तो सरळ भिंतीकडं निघाला. शुभविवाहावर लाल फुली! परवा पोरीचं लग्न, आज घर खाली करा! माझा धीर सुटला हो. मी ब्रशाच्या अन् भिंतीच्या मधात जाऊन उभा राहिलो, सदऱ्यावर लाल पट्टा ओढला गेला.

"खोटं लिहिलं साहेब! झूठ! सब झूठ! मी सतवादी नाही, मी एक नंबरचा फोकनाड्या आहे! या बाईले काढायचं होतं म्हणून लिहिलं! अन् देवरावजी, त्या दिवशीही मी तुम्हाले खरं नाही दाखवलं, मी तुम्हाले पालिकेचे साहेब समजलो होतो!"

 प्राची दारात, सुनंदा तिच्या मागं. मी मान खाली घातली. आता जे होईन ते होईन.

अन् देवरावजी हसायले लागले. असे हसले, असे हसले की त्यांची टोपी पडली. मामाजींनी तर मांडवाचा खांबच धरला.

"अहो वसंतराव, हे तर आम्हाले पहिल्याच दिवशी माहीत झालं! याच बाकड्यावर! मंदाबाईनं सांगितलं, तो तुम्हाले पालिकेचे साहेब समजून राहिला म्हणून."

मी मंदाबाईकडं पाह्यलं. ती झाऱ्यानं बोंडे पलटवून राहिली होती.

"हो, मीच सांगितलं. अर्ज तुम्ही मोठ्यानं वाचला, तो खाली भट्टीपर्यंत ऐकू आला होता. म्हटलं, बाप आहे अर्धवट, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. घर वाईट नाही, यानं मुद्दाम सडवलं. पण पोरगी सोनं आहे, तिले हातची नका जाऊ देऊ. माझ्या बाकड्यावर बसून पाढे पाठ केले तिनं." मंग झारा माझ्याकडं रोखून म्हणे, "पोरीसाठी सांगितलं हो. तुमच्यासाठी नाही."

म्हणजे पाहा. मी ज्या बाईले बेघर करायले निघालो होतो, तिनं माझ्या पोरीचं घर मांडून दिलं. वरून मी तिच्यावर ओरडून राहिलो होतो, तेव्हा खाली ती माझीच बाजू सांभाळून राहिली होती. मी मंदाबाईच्या पायाशी वाकलो. ती "सरका, तेल उडन" म्हणत मागं झाली, पण तिचेही डोळे भरले होते. त्या दिवसापासून तिले जागा सोडायचं नाव काढलं नाही, काढणारही नाही. देवरावजींचे, मामाजींचे, तिचे, कोणाकोणाचे म्हणून उपकार मानू? सगळ्यांनीच मले माफ केलं, नाराज असन तर ती उधई लागलेली तुळई एकटीच.

पालिकेचा साहेब बिचारा मधात उभा. एका हातात आलूबोंडा, दुसऱ्या हातात पेन. तो वर जाऊन घर पाहून आला, तुळई ठोकून आला, खाली येऊन म्हणाला, "मकान तो पक्का है. पर आवेदन का कुछ तो निपटारा करना पड़ेगा. रिपोर्ट में लिखूँ क्या?"

देवरावजींनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली.

"लिखिए साहब. मकान मजबूत है. मकान मालिक जर्जर है."

त्यानं खरंच काय लिहिलं ते मी नाही वाचलं. त्यानं कागद पुढं केला अन् विचारलं, "मालिक के दस्तखत?"

केली भाऊ सही. अन् सदऱ्यावरच्या ओल्या रंगानं बाजूले बोटाचा लाल ठसाही उमटला, न मागता.